वनस्मोर कुणाचा शब्द

माझा जनम तमाशाच्या फडात, राहुटीतला. आई गवळणीत नाचायची, बाप ढोलकीवर, मंग मी दुसरं काय होणार व्हते, सांगा तुम्हीच ताई. आमचा फड सातारच्या बाजूचा, जत्राजत्रांनी हिंडायचा, आन् मी चालायला लागले तवापास्नं पायात चाळ. आता या जर्सी सिटीत, लेकीच्या घरी बाविसाव्या मजल्यावर बसून तुम्हाला लिव्हून घ्यायला हे सांगतीया, तर माझं मलाच खरं वाटत न्हाई.

आधी मी नाचायची. मंग एक डाव काय झालं, वगात राजा करणारे आमचे तात्या तापानं फणफणले, आन् कनातीत माणसं तर येऊन बसलेली. मालक म्हणाले, शेवंता, बांध फेटा. बांधला. काजळानं मिशी काढली, हातात तलवार घेतली, बोर्डाला, म्हंजे आमच्या इस्टेजला, हात लावून पाया पडले आन् अशी चालले की हसणारी माणसं गपगार झाली. पुढं वीस वर्षं मीच राजा. लोक उठून वरडायचे, वनस्मोर, वनस्मोर, म्हंजे पुन्यांदा करा. मला वाटायचं, ढोलकी आपली, फेटा आपला, तसा ह्यो शब्दबी आपल्या तमाशातलाच.

माझी पोरगी वैशाली. तिला फडात ठिवायची न्हाई हे मी ठरवलं व्हतं. शाळेच्या बोर्डिंगात घातली, तिथं फॉर्मात इचारलेलं, आईचा धंदा काय. मीच म्हणलं, शेतमजुरी सांग. खरं सांगितलं असतं तर पोरींनी तिला जगू दिलं नसतं. ती सात वर्षांची, तिनं मान हलवली, आन् मंग जल्मभर तेच सांगत आली बगा. हितल्या मराठी मंडळातबी बायका इचारत्यात, मावशी, तुम्ही काय करायचात, की वैशाली मधीच बोलती, आई शेतावर जायची. मला राग येत नव्हता असं म्हणू नका, लई यायचा. पण बोलू कोन्त्या तोंडानं, खोटं माझंच व्हतं.

तर गेल्या महिन्यात नात माझी, रिया, म्हणाली, आजी, लेट्स गो, एक शो आहे. तिघी गेलो. जुनं थेटर, काय सांगू तुम्हाला ताई, छताला सोनेरी नक्षी, लाल मखमलीच्या खुर्च्या, मी तर मान वर करूनच आत गेले. रियानं सांगितलं, इंग्रजांच्या जुन्या राणीच्या काळात लंडनात गाण्याची थेटरं व्हती, लोक दारू पीत पीत ऐकायचे, तिथली गाणी म्हणणारी एक म्हातारी आज येणार. पडदा सरकला आन् कोट, उंच टोपी, हातात काठी, रंगवलेली मिशी, असा एक गडी आला. मी म्हणलं, ह्यो तर बाप्या. आन् गळा बाईचा! ऐंशीच्या पुढची बाई, आन् चाल बगावी तर माझीच. तसंच खांदे मागं टाकणं, तसंच मिशीला बोट लावून माणसांकडं बगणं. मी आमच्या कनातीत शिकले ते हिला कुणी दाखवलं असंल? भाषेचा एक शब्द कळंना, आन् कळायचं काही राहिलंबी न्हाई.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आन् मी ताडकन् उभी राहिले, वनस्मोर! वैशालीनं माझा स्वेटर ओढला, आई, बस खाली, प्लीज, लोक बघतायत. पण ती बाई थांबली. कानाला हात लावला, हसली, आन् तेच कडवं पुन्यांदा धरलं. मी रियाला म्हणलं, अगं, हिला मराठी येती! तर रिया म्हणती, आजी, वन्स मोअर इज इंग्लिश. घ्या! जल्मभर आपला म्हणून जपलेला शब्द ह्यांचा निघाला. कुठल्या थेटरातनं निघाला आन् आमच्या कनातीत कसा पोचला, देवालाच ठाव.

भायेर पडताना ती म्हातारी दारातच उभी व्हती. तिनं माझा हात धरला आन् वैशालीला काहीतरी इचारलं. माझ्याबद्दलच हाय एवढं उमगलं. मी माझ्या चपलांकडं बगत राहिले. वैशाली शेतमजुरी म्हणंल, म्हणू दे. आन् मंग ती म्हणाली, माय मदर वॉज अ तमाशा आर्टिस्ट, शी प्लेड द किंग. त्यातला तमाशा कळला, किंगबी कळला. मी म्हणलं, वैशे, वनस्मोर. तिनं पुन्यांदा म्हणलं, मोठ्यानं.

आता गुडघे गेलेत, चाळ गावाकडं पेटीत हायेत. देव माझ्या पोरीचं भलं करो आन् त्या म्हातारीचा गळा असाच राहू दे. तुम्हाला माझ्याकडं वैशालीनंच धाडलं न्हवं? मंग लिव्हा ताई, पहिल्या वळीतच लिव्हा. आईचा धंदा, तमाशा.