महागाईचं भत्त

...आणि कांद्याचं तर नावच काढू नका माझ्यापुढं! डाळ म्हणा, तेल म्हणा, निमूट ऐकून घेतो, पण कांदा म्हणलं की माझं टाळकं सरकतंय, कारण तुम्हास्नी सांगतो, अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या तोंडाला कांदा असा काय चढला, की मंडईत बाया त्याचा नुसता भाव इचारायच्या, हातात घेऊन बघायच्या आणि परत जागच्या जागी ठेवायच्या. आणि जेवायला बसलेलं गिऱ्हाईक काय म्हणतंय? 'आक्का, झुणक्यासंगं कांदा न्हाई व्हय?' आता मला सांगा, त्या बाईनं काय करायचं? मूठ आपटून दाखवायची रिकाम्या पाटावर?

आक्का म्हंजे आमची दानम्माक्का. शाहूपुरीतल्या गल्लीत खानावळ. बाई मूळची कुरुंदवाडची, लिंगायताची, घरात कानडी, गिऱ्हाईकाशी मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. नवरा नागाप्पा, भला माणूस, त्याला काम एकच, कांदा चिरायचा. कांदाच बंद झाला तसा गडी दिसभर रिकामा, आणि रिकामा माणूस जेवतोय दुप्पट, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुरुंदवाडात जावेशी भांडून बाहेर पडताना आक्का बोलून बसलेली, 'ह्या उंबऱ्याला परत पाय लावला तर नाव बदलीन.' म्हंजे खानावळ बुडली तर जायचं कुठं? त्याच उंबऱ्याला. जाऊ दारात उभी राहून म्हणणार, 'या, काय नाव म्हणायचं आता तुमचं?' ह्या एका वाक्याला भिऊन ती बाई पहाटेपासनं चुलीम्होरं असायची.

बरं, दर वाढवावा, तर जेवायला बसतंय कोण? मी एकटा पिराजी, कापडाच्या दुकानात थानं उलगडणारा, बाकी सगळे एका सरकारी कचेरीतले कारकून. त्यांचा म्होरक्या नृसिंहराव. आक्कानं दराचा 'द' काढला की हा बोटं चाटत म्हणायचा, 'छे छे आक्का, दर वाढवायचा नाही हं. ही महागाई तात्पुरती आहे. सरकार बघतंय.'

'येन? काय बघतंय?'

'परिस्थिती बघतंय.'

आता सरकारच बघतंय म्हणल्यावर आपण काय बोलायचं? डाळ चढली, सरकार बघतंय. तेल चढलं, सरकार बघतंय. परदेशातनं कांदा निघालाय म्हणं, बोटीत बसलाय, आणि तो येस्तोवर सरकार बंदराकडं बघतंय. अहो, आमच्या गल्लीतला टग्या सयाजीबी दिसभर कट्ट्यावर बसून बघतोच की, त्याला कुणी पगार देतंय व्हय?

आणि अशात एक दिवस हे कारकून मंडळ जेवायला आलं ते पेढे घेऊन! तोंडं अशी फुललेली की कुणाला पोरगं झालंय असं वाटावं. आक्कानं इचारलं, 'काय रे, कशाचे पेढे?' नृसिंहराव म्हणाला, 'महागाई भत्ता वाढला आक्का! सरकारनं बघितलं बरं का!'

झालं. इथं घोळ झाला. कारण तुम्हास्नी सांगतो, कानडीत भत्त म्हंजे साळ. शेतातलं, टरफलासकट भात. आक्काच्या कानाला ऐकू काय आलं, तर महागाई वाढली म्हणून सरकार ह्या लोकांस्नी भत्त देतंय! पोत्यानं! आणि ते वाढवूनबी देतंय! बाई पेढा हातात घेऊन थिजलीच. नागाप्पाला आत नेलं आणि म्हणाली, 'ऐकलं न्हवं? घरात भत्ताची पोती रचून हे माझ्या पातेल्यातला भात ओरपत्यात, आणि वर मला म्हणत्यात दर वाढवू नको. मेल्यांनो, मूठभर तरी आणून द्यायचं.' नागाप्पा म्हणाला, 'कांडून द्यायचं की तसंच?' असला माणूस.

मी तिथंच हात धूत होतो. मी का बोललो न्हाई? अहो, मला वाटलं खरंच देत असतील! सरकारचं काय सांगावं?

दुसऱ्या दिवशी आक्का नागाप्पाला, हातगाडीला आणि रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्याला घेऊन थेट कचेरीत. मी दुकानातनं सुटी काढून मागं, कारण असला तमाशा पिच्चरमधी बघायला मिळत न्हाई. आक्का साहेबाच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'पावणं, महागाईचं भत्त कुठल्या खोलीत मिळतंय? मलाबी महागाई हाय.'

आधी कुणाला कळंना. कळलं तसे हसायला लागले. असे हसले, असे हसले, नृसिंहराव तर टेबलाखालचं पेन उचलायला वाकला तो वर यीना. साहेबानं डोळं पुसलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, 'अहो बाई, भत्ता म्हणजे भात नव्हे. महागाई वाढली, की त्या मानानं आमचा पगार वाढतो. त्याला भत्ता म्हणतात.'

आक्का सावकाश म्हणाली, 'म्हंजे महागाई वाढली की तुमचं वाढतंय.'

'हो.'

'आणि ती खाली आणायचं काम कुणाचं?'

'आमचंच. म्हणजे, सरकारचं.'

'मग तुम्ही तिला खाली कशाला आणशिला, यप्पा? तुमच्या घरची लक्ष्मी ती!'

साहेबानं पाणी प्यालं, खिडकीबाहेर बघितलं आणि काय म्हणाला असंल? 'सरकार बघतंय.'

हातगाडी रिकामी परत आली. वाटेत पोरं हसत होती, सयाजी कट्ट्यावरनं ओरडला, 'आक्का, भत्त शिजलं का?' आक्का सरळ पुढं चालत राहिली. मला वाटलं रडंल. पण रडणारी ती न्हवं. तिच्या डोक्यात सूड शिजत होता, आणि आक्का कुठलीबी गोष्ट कच्ची उतरवत न्हाई.

त्या राती कारकून पाटावर बसले. ताटं आली. ताटात काय? कायच न्हाई. नृसिंहराव म्हणाला, 'आक्का, भाकरी?'

आक्का चुलीपाशी पदर खोचून बसलेली. म्हणाली, 'भाकरी मंजूर हाय.'

'मग द्या की.'

'मंजूर हाय म्हणलं, आली म्हणलं न्हाई. पीठ निघालंय गिरणीतनं. बोटीत बसलंय.'

'आणि आमटी?'

'आमटीचा इचार चालू हाय.'

'अहो आक्का, भूक लागली आहे!'

'भूक तात्पुरती हाय. खानावळ बघतिया.'

आणि खरंच बघत बसली! हनुवटीला हात लावून, एकेकाच्या तोंडाकडं. आत मला आणि नागाप्पाला गरम भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर दह्याची कवडी. मी मुद्दाम मचमच आवाज करत खाल्लं, खोटं कशाला बोलू. असलं चवीचं जेवण मी जन्मात जेवलो न्हाई.

दुसरीकडं जावं, तर महिन्याचे पैसे आधीच आक्काकडं भरलेले. मागायला लागले तर म्हणाली, 'देते की. अर्ज करा. आमचे साहेब रजेवर हाईत.' आणि साहेब नागाप्पा चुलीमागं ढेकर देत बसलेला. बाई रोज येवढंच वाढायची, अर्धी भाकरी आणि मिठाचा खडा, 'हा पहिला हप्ता' म्हणून. शेवटी नृसिंहराव पाटावरनं उठला, हात जोडले आणि म्हणाला, 'आक्का, दर वाढवा. काय वाढवायचा तो वाढवा. पण आमटी वाढा.'

जिंकली! दाराला नवा दर लागला, ताटात कांदा आला, जावेचा उंबरा लांब गेला, आणि आक्का चार दिवस अशी चालायची की कचेरीच तिच्या नावावर झालीया.

आणि मग काय व्हावं? एक माणूस आला, खांद्याला पिशवी, जेवला, ताटाचा दर इचारला, टिपून घेतला आणि गेला. काही महिन्यांनी कारकून आले ते परत पेढे घेऊन! नृसिंहराव म्हणतोय, 'आक्का, भत्ता परत वाढला. गावातले भाव टिपून नेतात ना, त्यात बाहेरचं जेवण महागलेलं निघालं. तुमच्याच ताटाचा दर होता त्यात!' आणि वाकून पाया पडला की ओ तिच्या! वर म्हणतोय, 'पुढच्या महिन्यात अजून थोडा वाढवा. आमचा आग्रह आहे.'

मला सांगा, कुठल्या गावात गिऱ्हाईक हात जोडून म्हणतंय दर वाढवा म्हणून? आणि इकडं भत्ता वाढला हे कळलं तसं वाण्यानं वाढवलं, गवळ्यानं वाढवलं, घरमालकानं वाढवलं, म्हणून आक्काला परत वाढवावं लागलं, म्हणून ह्यांचा भत्ता परत वाढायचा. गोल गोल. सगळ्यांचं बरं चाललंय. राहिलं कोण? कापडाच्या दुकानाला कुठला भत्ता?

शेवटी एक दिवस मी गेलो आणि म्हणालो, 'आक्का, उद्यापासनं माझं ताट बंद कर. परवडत न्हाई.'

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मग एक भाकरी फडक्यात बांधली, वर कांदा ठेवला, माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

'पिराजी तम्मा, भावा, नेम म्या सरकारवरच धरलता रे. मधी तू बसलावतास.'