सगळ्या घराचा फोटो

घाटकोपरच्या फोटोच्या दुकानात स्वरदा बाळाच्या पासपोर्ट फोटोसाठी ताटकळली होती. बाळ खांद्यावर चुळबुळत होतं आणि रांगेत पुढे असलेल्या पन्नाशीतल्या जोडप्याचं कॅमेऱ्याचं किट काही केल्या ठरत नव्हतं.

“पाऊच, जादा बॅटरी, कार्ड. झालं, चला.”

“अहो, आणि स्टँड?”

“अगं, गणपतीला गावी चाललोय, शूटिंगला नाही. फोटो काढायला मी आहे ना!”

“तेच तर! गेल्या वर्षी आरतीनंतर सगळ्या घराचा फोटो काढलात, त्यात तुम्ही कुठे आहात?”

“काढणारा कसा दिसेल?”

“ते तुमच्या थोरल्या भावाला, दशरथदादांना सांगा. ‘धाकट्याला आमच्यात उभंच राहायचं नव्हतं,’ असं गावभर बोललेत. तेव्हापासून एक फोन नाही त्यांचा.”

“मी तरी कुठे केला?”

“काका, स्टँडवालं घ्या,” दुकानदार मध्ये पडला. “टायमर लावायचा आणि पळत जाऊन उभं राहायचं.”

“या गुडघ्यांनी? वाट लागेल!”

“मग रिमोटवालं घ्या,” दुकानदार म्हणाला. “आधीच दादांच्या शेजारी उभे राहा, तिथूनच बटण दाबा.”

“म्हणजे पुन्हा फोटो मीच काढला, असंच होणार.”

“अहो, मग घेऊच नका!” काकू वैतागल्या. “लोक मागे थांबलेत.”

बाळ रडायला लागलं. स्वरदा त्याला थोपटत आणखी एक पाऊल पुढे सरकली.

“रिमोटवालंच द्या,” काका दुकानदाराला म्हणाले. “आणि कसं दाबायचं ते मला नीट शिकवा. या वेळी बटण दादा दाबणार, त्याला समजावायचंय.”