लांब केलेली सीट

नाही हो साहेब, सीट बदललेली नाही, लांब झालीय फक्त — तसं बघू नका माझ्याकडे, सांगतो. मोटरसायकल वडिलांनी तीस वर्षं चालवली तशीच्या तशी त्यांना दिसली पाहिजे, असं तुम्ही म्हणाला होतात, कबूल. मग टाकीचा हिरवा रंग तोच आहे की नाही? सायलेन्सर उकलून सगळी काजळी खरवडली, पण आवाज तोच ठेवला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. राहिली सीट. आता मला सांगा, वडील झाले ऐंशीचे, ते काय स्वतः चालवणार आहेत? मागेच बसणार. मग त्यांना तुम्ही त्या लोखंडी कॅरिअरवर बसवणार, बटाट्याच्या पोत्यासारखं? म्हणून सीट लांब केली. त्यांच्यासाठीच केली. — ही डावीकडची पट्टी? ती पाय ठेवायला. एकाच बाजूला का? आता... वडील दोन्ही पाय एका बाजूला टाकून नाही बसत वाटतं. बरं. पकडलंत.

बसा त्या टायरवर, किक मारायची घाई करू नका, गाडीबद्दल एक गोष्ट सांगायचीय, पण ती शेवटी. खरं सांगायचं तर गाडी तीन महिन्यांपूर्वीच तयार झाली. पिस्टनच्या रिंगा मिळत नाहीत म्हणालो, तेव्हा त्या इंजिनात बसल्या होत्या. रंगारी पाय मोडून पडलाय म्हणालो, तेव्हा तो इथंच उभ्या उभ्या चहा पीत होता. मला थापा मारायची हौस नाही, साहेब, उलट मला त्या जमतच नाहीत, असं आमची ही म्हणते — म्हणायची. तेच तर आहे सगळं.

हिची धाकटी बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. दोघी या अंगणात कपडे वाळत घालायला जमायच्या — दोरी एक, कपडे दोन घरांचे — आणि काय हसायच्या, माझ्या हातातला पाना सुटायचा. मागच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून ही गप्प. भांडण नाही, रडणं नाही. चहा घेतेस? हं. डॉक्टरकडे जायचं? नको. आठ महिने, साहेब. लोकांची बंद इंजिनं बोलती करणारा माणूस मी, आणि घरात हे. लाज वाटायची मला.

मग तुमची गाडी आली. ठिणगीचं टायमिंग बसवताना चष्मा आत राहिला होता, आणि ‘चष्मा दे गं’ म्हटलं की जे ‘हं’ येतं ते मला ऐकायचं नव्हतं, म्हणून तसंच बसवलं. चुकलं. या टू-स्ट्रोकचं एक असतं, ठिणगी फार लवकर पडली की पिस्टन वर पोचायच्या आधीच मागे ढकलला जातो आणि इंजिन खुशाल उलटं फिरायला लागतं. आवाजावरून फारसं कळत नाही. मला तर चाळीस वर्षं या धंद्यात काढून कळलं नाही. ऐटीत बसलो, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी निघाली मागे. सरळ दोरीवर. चादर डोक्यावर, हिचा परकर हँडलला, आणि मी चादरीच्या आतून ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडतोय, जसा काही ब्रेक दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे. आणि खिडकीतून हसणं आलं. पोट धरून, पूर्वीसारखं. मी बराच वेळ चादर काढलीच नाही. रडत होतो, आता लपवून काय करू.

मग काय, दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसंच टायमिंग लावून पडलो. हसली नाही. तिसऱ्या दिवशी बादलीसकट पडलो, गुडघा फुटला. तिने मलम आणून दिलं आणि म्हणाली, ‘नाटकं पुरे झाली. मला मागे बसवा.’ आठ महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य. म्हणून सीट लांब झाली, साहेब. टायमिंग नीट केलं, आणि रोज सकाळी तलावापर्यंत जाऊन येतो. समोरासमोर अजून बोलत नाही, पण मागे बसली, माझी नुसती पाठ दिसली की बहिणीच्या गोष्टी सुरू. इंजिनाच्या आवाजात निम्म्या मला ऐकू येत नाहीत, मी मान हलवतो. हसणं मात्र काही परत आलं नाही. ठरवून पडणाऱ्या माणसाला कोण हसणार?

— हो हो, कळतंय. वडील सकाळपासून हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेत, फोनवर सांगितलंत तुम्ही. न्या, तुमचीच गाडी आहे. जुनं कॅरिअर कापडात गुंडाळून ठेवलंय, पाहिजे तर सीटचा वाढवलेला भाग काढून दहा मिनिटांत बसवतो. हिला कालच सांगितलं की गाडी जाणार. हं म्हणाली. तेच ते हं. म्हणून आज सकाळी म्हटलं, शेवटचं एकदा बघावं, आणि टायमिंग पुन्हा — पण पडायचा धीर झाला नाही, वय झालं, आणि तेवढ्यात तुम्ही आलात, आणि ते — उठलात कशाला? साहेब, किक मारू नका. मारलीत. बरं, मारलीत तर मारलीत, गिअर टाकू नका, तेच सांगायचं राहिलं होतं, ते टायमिंग — क्लच सोडू नका — साहेब —

लागलं का? नाही ना? दोरी तुटली, तुटू दे. चादर — नाही, चादर राहू दे डोक्यावर. श्श. खिडकीकडे ऐका.

ऐकलंत?

वडिलांना बसू दे थोडा वेळ ओट्यावर. तुम्ही उठू नका एवढ्यात.