आबांची सही

मास्तरकीची नोकरी मी का सोडली, असं तुम्ही सारखं विचारता. मग ऐका.

बी.ए. होऊन मी उस्मानाबादच्या एका खाजगी शाळेत नुकतीच लागले होते. मॅट्रिकचा निकाल घसरू नये म्हणून फॉर्म भरायच्या आधीच आमचे हेडमास्तर कच्च्या मुलांना काढून टाकायचे. अर्ज मात्र बापाच्या सहीचा लागे, 'स्वखुशीनं शाळा सोडल्याचा दाखला मागतो' असा. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते अर्ज मी लिहायचे.

एकदा ढोकीहून एका मुलीचे वडील आले. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, मराठी वाचता येत नव्हतं. म्हणाले, "बाई, वाचून दावा. मग दस्तखत करतो."

मी तोंड उघडलं तोच हेडमास्तर खाकरले. मी दचकले आणि बोलून गेले, "मुलीला मॅट्रिकला बसू द्यावं, असं लिहिलंय."

त्यांनी कागद शेजारी उभ्या असलेल्या मुलीपुढं धरला. "बाई म्हणत्यात तसंच हाय न्हवं गं?"

तिनं अर्ज शेवटपर्यंत वाचला. एकदा माझ्याकडं पाहिलं, मग वडिलांकडं.

"व्हय आबा. करा सही. यष्टी जाईल आपली."

आबांनी उर्दूत सही केली आणि मला हात जोडले.

ते गेल्यावर हेडमास्तर सहीवर टीपकागद दाबत म्हणाले, "मुलगी समजूतदार आहे हो. गणित तेवढं कच्चं."