टॅपेट कव्हरचं पॅकिंग

लालबागला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात राहुलच्या पुढे म्हातारे कुशाबा उभे होते. दुकानदाराशी त्यांची चांगलीच जुंपली होती, आणि राहुलने कान टवकारले.

“टॅपेट कव्हरचं पॅकिंग दे. माझी म्हातारी गाडी इतकं ऑइल गाळते, की चाळीतले उंदीर घसरून पडतात!”

“काका, महिन्यातलं हे तिसरं. तुम्ही मिलमध्ये फिटर होतात ना?”

“लेकीला वाटतं, बाबा सगळं विसरले. दर रविवारी कॅनडाहून व्हिडिओवर पॅकिंग बसवायला शिकवते, तासभर.”

“आणि गळती थांबली की?”

“गेल्या वर्षी थांबली होती. मग एकदम दिवाळीला फोन आला, दोन मिनिटं.”

“मग पॅकिंग वाकडंच बसवा की!”

“ती एवढं जीव लावून शिकवते, वाकडं कसं बसवू रे? रविवारी नीटच बसवतो. सोमवारी दोन बोल्ट ढिले करतो.”