धुमेची बाजू

कुलदीप : ताई, तू आधी त्या बेंचवरून ऊठ. सगळे बघतायत.

राजेश्वरी : बघू देत. गावोगाव हजार माणसांपुढं उभी राहून कीर्तन करते मी, तुझ्या जिममधल्या चार पोरांना काय लाजायचं? चपलासुद्धा बाहेर काढल्यात, देवळात काढते तशा. पण उठणार नाही. मी उठले की तू इथं आडवा होणार.

आकाश : कुलदीपभाई, ह्या कोन?

कुलदीप : मोठी बहीण माझी, राजेश्वरीताई. बोललो नव्हतो का, कीर्तन करते ती. मी मृदंगावर असतो साथीला.

राजेश्वरी : आणि तुम्ही ते आकाश सर. याचे इथले गुरू.

आकाश : सर नका बोलू ताई, नावड्याचा साधा पोरगा हाय मी. पानी सांगू?

राजेश्वरी : पाणी नको, उत्तर द्या. काल खांदेश्वरला आमचं कीर्तन होतं. शेवटी लय चढली, टाळकरी रंगात आले आणि याच्या डाव्या हाताची, मृदंगाची ती घुमणारी धुमेची बाजू गप्प झाली. उजवा हात एकटाच वाजतोय! लोकांच्या नाही आलं ध्यानात. माझा मात्र तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

कुलदीप : घाम होता. हात सटकला.

राजेश्वरी : हात सटकला की तू माझ्याकडं बघून हसतोस. काल ओठ चावलास.

कुलदीप : काय टेन्शन घेतेस यार ताई! जिमनेच तर वाचवलंय मला. गेल्या वर्षी आठव. मृदंग गळ्यातून उतरवला की कंबर सरळ होत नव्हती. धरून गाडीत कोण बसवायचं मला?

राजेश्वरी : मीच. म्हणून तर या जिमला मी घरातून नमस्कार करत होते. तुझी पाठ सरळ झाली, छाती रुंद झाली, मृदंग हलका झाला तुला. ते मी कुठं नाकारतेय? पण आता इथं नवीन काय चाललंय, ते मला कळू दे.

आकाश : मी सांगतो. त्याचं वजन एका जागी अडकलं होतं, वाढंना. म्हनून निगेटिव्ह दिलं. म्हंजी कसं, झेपतं त्याच्याहून जास्त वजन बारला लावायचं. बार वर न्यायला मी हात लावनार. खाली आननार तो एकटा, सावकाश, रोखत रोखत.

राजेश्वरी : अंगावर येणारं वजन एकट्यानं रोखायचं?

आकाश : ताकद तिथंच बनते ताई. मार पन तिथंच बसतो, खोटं नाय बोलनार. म्हनून कधीतरीच करायचं. पंधरा दिवसांत एकदा, आनि मी डोक्याशी उभा असल्याशिवाय बिलकुल नाय. मधे आराम पायजे. आरामातच भरून येतं ना आतलं.

राजेश्वरी : कुलदीप, इकडं बघ. पंधरा दिवसांत एकदाच करतोस?

कुलदीप : तू आधी ऊठ ना ताई.

राजेश्वरी : बाळा, विचारतेय मी.

कुलदीप : रोज.

आकाश : काय?

कुलदीप : संध्याकाळी. तू नसतोस तेव्हा. संध्याकाळच्या पोरांतला चंद्रशेखर बार उचलून देतो.

आकाश : चंद्रशेखर? त्याला स्वतःचा डंबेल धड धरता येत नाय, तो तुला बार देतो? येडा झालास काय रे! रोज?

कुलदीप : मला वाटलं, रियाज आहे हा पण. मृदंगाचा बोल हातात बसत नसेल तर आमी काय करतो? तोच बोल रोज घोटायचा. बोटं सुजली तरी घोटायचा. मग एक दिवस बसतो. ताईनेच शिकवलंय.

राजेश्वरी : मी शिकवलं.

कुलदीप : म्हणून दुखलं की म्हणायचो, बरं चाललंय, अजून एक.

आकाश : अरे, बोल चुकला तर ऐकनाऱ्याचा कान दुखंल फक्त! शर्ट सैल कर. डावा हात बाजूनं वर घे. झटका नको, सावकाश.

(कुलदीपचा हात खांद्याच्या रेषेपर्यंत येतो आणि खाली पडतो.)

राजेश्वरी : पांडुरंगा!

आकाश : त्या कुशीवर झोपतोस?

कुलदीप : नाही झोपता येत.

आकाश : आनि मला बोलला नाय!

कुलदीप : करंजाड्याची वजन उचलायची स्पर्धा आलीय ना. म्हटलं, तू त्यातून माझं नाव काढून टाकशील.

राजेश्वरी : काय झालंय याला? मला घाबरवू नका, पण झाकूही नका.

आकाश : ताई, मी डॉक्टर नाय. नुसती सूज असंल तर आरामानं बसंल. खांद्याच्या आत काही फाटलं असंल तर... ते स्कॅनमधेच दिसंल. आजच्या आज दाखवा.

कुलदीप : फाटलं असेल तर मृदंग वाजवता येईल ना?

आकाश : आधी स्कॅन करून घे, भाई.

कुलदीप : आकाश, बोल ना रे.

आकाश : मला नाय माहीत, भाई. खरंच नाय माहीत.

राजेश्वरी : तुमचा पण चेहरा उतरला.

आकाश : उतरंल नाय तर काय. निगेटिव्ह मीच दिलं त्याला. संध्याकाळी येऊन एकदा तरी बघायला पायजे होतं.

कुलदीप : ताई, काहीतरी बोल ना. एवढ्या लोकांना धीर देतेस तू.

राजेश्वरी : आज माझाच धीर सुटलाय रे. सकाळपासून नाम घेतेय, आणि मधेच कालची ती गप्प पडलेली धूम ऐकू येते. मग नामच हरवतं... मला सांग, कीर्तनात तू थांबतोस कधी?

कुलदीप : तू हात वर करतेस तेव्हा.

राजेश्वरी : त्याच्या आधी?

कुलदीप : आधी कसा थांबेन? आपल्या मनानं थांबला तर तो साथीदार कसला?

राजेश्वरी : इथं तुझ्यापुढं हात वर करायला कुणी नव्हतं. म्हणून तू वाजवतच राहिलास. हा बघ, आता मी केलाय.

कुलदीप : तू हात खालीपण आणतेस ताई. मग आमी परत ठेका उचलतो.

राजेश्वरी : आणीन ना. आधी डॉक्टर बघू देत. तोवर असाच वर राहील. चल, पिशवी मी घेते.

कुलदीप : दुखेल तुझा हात.

राजेश्वरी : दुखला तर सांगेन. तुझ्यासारखी लपवणार नाही.