बावीस सूचनांचा कागद

तारीख २१ मार्च १९५६, सायंकाळी सात वाजता.

माझे नाव सीताराम विष्णू मोने, वय ६६ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी शाळामास्तर, राहणार जोगदंड चाळ, दुसरा मजला, खोली नंबर १९, फणसवाडी, मुंबई २.

ठाण्यावर बोलावून समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वर लिहिल्या ठिकाणी पत्नी अंबिका हिच्यासह राहतो. गिरगावातील एका शाळेत मी चौतीस वर्षे मराठी शिकविले. त्यातही कविता. दुपारच्या तासाला पिंपळाची सावली तिसऱ्या बाकापर्यंत यायची आणि चाळीस मुले एका चालीत कविता म्हणायची, तेव्हा खाली रस्त्यावरचा भाजीवाला हातगाडी थांबवून ऐकत उभा राहायचा. याचा प्रकरणाशी संबंध नाही असे ठाण्याच्या फौजदार साहेबांनी सांगितल्यावरून पुढचे सांगत नाही.

मला दाखविलेला एक पानी कागद माझा आहे. अक्षर माझे आहे. कागदाचे नाव ‘विद्यार्थ्यास बावीस सूचना’. कोकणातून आणि गिरणगावातून कॉलेजात येणाऱ्या मुलांना घरी सांगणारे कोणी नसते, म्हणून निवृत्त झाल्यापासून दर फेब्रुवारीत मी या सूचना लिहून सायक्लोस्टाइलवर साठ प्रती काढतो आणि फुकट वाटतो. परीक्षेच्या आठवड्यात खानावळीत दुसऱ्यांदा भात घेऊ नये. उसने पुस्तक मालकाने मागण्यापूर्वी परत करावे. धुतलेला सदरा ओला असताना अंगात घालू नये. अशा त्या आहेत. कोणत्याही समितीने, पक्षाने वा पुढाऱ्याने मला हे लिहावयास सांगितलेले नाही. मुंबई महाराष्ट्रात यावी असे मला वाटते काय, असे विचारले. वाटते. परंतु त्याचा बावीसपैकी एकाही सूचनेत उल्लेख नाही, सूचना व्यवहाराच्या आहेत.

ज्याच्या खिशात हा कागद मिळाला तो लवू भिवा कासारे, वय १९, राहणार लालबाग, यास मी ओळखतो. त्याचे वडील भिवा हे गिरणीत साच्यावर आहेत. ते आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांच्या एका खोलीत अकरा माणसे पाळीपाळीने झोपतात, त्यामुळे लवू दोन वर्षे रोज पहाटे चालत माझ्या गॅलरीत अभ्यासास येतो. तो इंटरला आहे. त्याची परीक्षा उद्या सकाळी अकरास सुरू होते. एक पेपर बुडाला तर वर्ष बुडते, आणि वर्ष बुडाले की फीमाफी जाते. तसे झाल्यास त्याला बदली कामगार म्हणून गिरणीत लावण्याविषयी भिवा यांनी माणसे भरणाऱ्या जॉबरशी बोलून ठेवले आहे. बापाने तसे बोलून ठेवावे यात मला गैर वाटत नाही. उद्याच्या अकराची वेळ मात्र जबाबात ठळक लिहावी, ही विनंती. हवालदार कुशाबा यांनी ती लिहिली आहे.

आज दुपारी चारच्या सुमारास ठाकुरद्वार नाक्यावर मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून निघालेली मिरवणूक अडवून पोलिसांनी अश्रुधूर सोडला, त्या वेळी मी घरी होतो. धूर आमच्या जिन्यापर्यंत आला. लवूला खोताच्या वाडीत पकडल्याचे मला भिवा यांच्याकडून सहा वाजता कळले.

त्याला पकडणाऱ्या शिपायाचे म्हणणे साहेबांनी मला वाचून दाखविले. ते असे की, सर्व माणसे धावत सुटली असता हा एकटा इसम सावकाश चालत होता. त्याने नाकाला ओला रुमाल लावलेला होता, म्हणजे धुराची त्यास आगाऊ माहिती होती. तो हमरस्ता सोडून वाडीतून जात होता. खिशात नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी होती. तो ‘लगागा लगागा’ असे सांकेतिक शब्द पुटपुटत एका लयीत पावले टाकीत होता. हटकले असता त्याने उलट उत्तर न देता नमस्कार केला, त्यावरून जास्त संशय आला.

यावर साहेबांनी माझा कागद समोर धरला आणि बोट ठेवून एकेक विचारले. मी खुलासा केला तो खालीलप्रमाणे.

ओला रुमाल ही सूचना सातवी. मार्चात परीक्षेच्या हॉलमध्ये झोप येते, तेव्हा तो डोळ्यांस लावावा. साहेब म्हणाले, “मास्तर, मी पण मॅट्रिक झालोय. मला नाही कधी ओला रुमाल लागला.” मी विचारले की मॅट्रिक कितव्या खेपेस झालात. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

हमरस्त्याने जाऊ नये, वाडीतून जावे, ही नववी. हमरस्त्यावर इराण्याची हॉटेले आहेत आणि तेथे मित्र बसलेले असतात. खिशात पत्त्याची चिठ्ठी, ही अकरावी. मुले उपाशीपोटी परीक्षेस जातात आणि घेरी येऊन पडतात. घोळका धावू लागल्यास आपण धावू नये, ही तेरावी. ती लिहिताना माझ्यासमोर परीक्षेचा हॉल उघडण्याची वेळ होती. लगागा हे भुजंगप्रयात वृत्त आहे. चालताना ते मनात म्हटल्याने दम लागत नाही व मन स्थिर राहते, ही सोळावी. मी ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखविले. एक ओळ पुरी झाल्यावर साहेबांनी टेबलावरील पेपरवेट दुसरीकडे ठेवले.

तो घराबाहेर का पडला, याचे उत्तर सूचना वीसमध्ये आहे. आदल्या दिवशी जाऊन परीक्षेची इमारत, जिना, आपला बाक आणि नळ पाहून यावे. लवू बाक पाहून परत येत होता. बाक खिडकीजवळ आहे असे त्याने आता कोठडीतून सांगितले.

येथे साहेब म्हणाले, “हे बघा मास्तर, माझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. या कागदाप्रमाणे पोरं वागत असतील तर हे पत्रक झालं. पत्रक वरती पाठवावं लागतं, उत्तर यायला आठवडा जातो, तोवर पोरगा आत. वागत नसतील तर ही रद्दी. रद्दीसाठी मी कोणाला ठेवून घेत नाही. वागतात का?”

मी कागद हातात घेऊन बावीसही सूचना एकदा वाचल्या. त्यास किती वेळ लागला, हे लिहू नये असे मी सांगितले आहे.

त्यावर मी सांगतो की, वागत नाहीत. यंदाच्या साठ प्रतींपैकी काही वाण्याने शेंगदाणे बांधण्यास नेल्या. चाळीतील बकुळाबाईंनी चार प्रती शेवयांखाली वाळत घातल्या आहेत, पंच पाठवून पाहावे. एक प्रत माझ्याच घरी डगमगत्या टेबलाच्या पायाखाली आहे. ती अंबिकेने घातली. माझे वर्गातले विद्यार्थी भेटतात ते वाकून नमस्कार करतात आणि अजून दोनदा भात घेतात. चौतीस वर्षे शाळेत आणि नंतर आठ वर्षे चाळीत मी मुलांना जे जे सांगितले, ते कोणीही पाळलेले नाही.

या वेळी लवू गजाआडून “मास्तर, पण मी तर सगळ्या...” असे बोलू लागला. मी त्यास म्हटले, “लवू, सूचना एकोणीस.” परीक्षकाने विचारल्याशिवाय बोलू नये, ही ती सूचना. तो लगेच गप्प झाला. यावरून तो सूचना पाळतो असा अर्थ काढू नये.

हवालदार कुशाबा यांनी टाक थांबवून माझ्याकडे पाहिले. नंतर दौतीत बुडवून पुढे लिहिले.

साहेबांनी कागदावर ‘रद्दी’ असा लाल शेरा मारून तो माझ्या जबाबास जोडला आहे. तो परत मिळणार नाही असे समजले. माझी हरकत नाही. लवूस त्याची आता गरज नाही. बावीसच्या बावीस त्याला पाठ आहेत, असे मी सांगणार होतो. परंतु ते सांगितलेले नाही, तरी हे वाक्य लिहू नये. ते लिहून झाले होते. साहेबांनी जबाब हातात घेऊन तेथवर वाचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि कागद पुन्हा हवालदारांपुढे ठेवला. हवालदारांनी ते वाक्य तसेच राहू दिले आहे.

लवूस आत्ताच सोडीत आहेत. ट्रॅम बंद असल्याने तो लालबागला न जाता भिवा यांच्यासह आज माझ्याकडे राहील. जेवताना भात एकदाच वाढण्यात येईल.

बाविसावी सूचना अशी आहे की, पेपर लिहून झाल्यावर परत देण्यापूर्वी शेवटचे उत्तर पुन्हा वाचावे आणि चूक दिसल्यास लाज न धरता खोडावी. हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला. चष्मा लावून मी तो स्वतःही पुन्हा वाचला, शेवटचे उत्तर दोनदा. मी सांगितले तसेच लिहिले आहे. त्यातले काहीही खोडावयाचे नाही, असे म्हणून सही करतो.

सीताराम विष्णू मोने